जुन्या घरातलं बाथरूम: हायलाइटर टाइलचा रंग कशावरून ठरवायचा?

जुनी_कडी

नमस्कार मंडळी. जुन्या घरातलं एक बाथरूम नव्याने करायला घेतलंय. भिंतींच्या टाइल्स काढायच्या आहेत, पण खालची मोझॅक लादी आणि बेसिन-कमोड तसेच ठेवायचे आहेत, कारण तिन्ही धड आहेत.

माप आतून ५ × ७ फूट. छत साडेनऊ फुटांवर आहे, टाइल मात्र दरवाजाच्या चौकटीइतकी, म्हणजे ७ फुटांपर्यंतच लावणार. दरवाजा एका ५ फुटी भिंतीत, अडीच फूट रुंद. शॉवर समोरच्या ५ फुटी भिंतीवर. एका ७ फुटी भिंतीत २ × २ फुटांची खिडकी, तिची खालची कड जमिनीपासून ५ फुटांवर. बेसिन आणि आरसा खिडकीसमोरच्या भिंतीवर.

लादी क्रीम रंगाची, तिच्यात मरून, काळे आणि थोडे हिरवट खडे. बेसिन-कमोड फिकट पिस्ता. भिंतींना पांढरीशुभ्र ३०० × ६०० मिमीची टाइल आणि हायलाइटर (मोजक्या जागी लावायची उठावदार रंगाची टाइल) म्हणून नेव्ही ब्लू किंवा मोहरी पिवळा, असं डोक्यात आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत: यातला कुठला रंग बरा, तो किती आणि कुठे लावायचा, आणि ग्राउट (टाइलमधले सांधे भरायचा मसाला) कोणतं घ्यायचं? जाणकारांनी सांगावं.

---

रंगपाटी

दोन्ही नकोत. आणि त्याआधी तो शुभ्र पांढरा बाजूला ठेवा, कारण खरी गडबड तोच करणार आहे.

एक साधा कागद घ्या, प्रिंटरचा चालेल. तो बेसिनच्या कडेला टेकवा, मग लादीवर ठेवा. लादीतलं क्रीम पिवळसर दिसेल आणि पिस्ता किंचित मातकट. जुन्या मालात निळी झाक असलेला पांढरा जवळजवळ नसतोच. हल्लीच्या ‘सुपर व्हाइट’ टाइलमध्ये ती झाक असते. अशी टाइल चहूबाजूंनी लागली की लादी कितीही घासा, मळकीच दिसणार, आणि पिस्ता बेसिन पिवळं पडल्यासारखं वाटणार. दोष ना लादीचा, ना बेसिनचा. म्हणून भिंतीसाठी मोतिया किंवा उबदार ऑफव्हाइट घ्या. नमुना लादीशेजारी धरल्यावर तो लादीतल्या क्रीमपेक्षा एखादी छटा उजळ दिसला पाहिजे, पण निळसर दिसता कामा नये.

आता हायलाइटर. जे बदलणार नाही त्यातून रंग उचलायचा, दुकानातल्या मांडणीतून नाही. तुमच्याकडे लादीतच तीन तयार रंग आहेत. लादी ओली करून बघा. कोरडेपणी राखाडी वाटणारे खडेही पाण्याखाली खरा रंग दाखवतात. नेव्ही ब्लू त्या तिघांत कुठेच नाही, शिवाय पिस्त्याच्या पिवळसर हिरव्याशेजारी तो थंड आणि उपरा वाटेल. मोहरी पिवळ्याची अडचण उलट आहे. तो क्रीम आणि पिस्ता दोघांच्याही इतका जवळचा की उठून न दिसता सगळंच पिवळट करून टाकेल.

काळा सोडला तर उरतात मरून आणि हिरवा. मरून पिस्त्याच्या समोरचा रंग आहे, म्हणजे दोघं एकमेकांना भडक करतात. घ्यायचाच असेल तर विटकरीकडे झुकणारा, दबलेला मरून घ्या, आणि तोही थोडाच. माझं मत हिरव्याला: बॉटल ग्रीन किंवा गडद शेवाळी. पिस्त्याच्याच घराण्यातला, पण चांगला तीन-चार पायऱ्या गडद. एकच पायरी गडद घेतला तर तो जुळवायला जाऊन चुकल्यासारखा दिसतो.

आणखी एक. उद्या कमोडला तडा गेला तर तसाच पिस्ता मिळेलच असं नाही, बहुधा पांढराच बसवावा लागेल. तेव्हा हायलाइटर असा निवडा की तो पिस्ता आणि पांढरा दोघांशीही नांदेल. बॉटल ग्रीन या परीक्षेत पास होतो.

---

उंबरठा

रंगाबद्दल सहमत. जागेसाठी सोपा उपाय: ४ फुटांवर चारही भिंतींना ४ इंची हिरवी बॉर्डर फिरवा. माल कमी लागतो, जुन्या घराला शोभतं, आणि मिस्त्रीला नवीन काही समजावून सांगावं लागत नाही.

---

ओळंबा

उंबरठा, नव्या चौकोनी खोलीत तुमचं बरोबर. जुन्या घरात आडवी पट्टी मी सगळ्यात शेवटी सुचवेन.

पट्टी लेव्हलमध्येच लावावी लागते, त्याला पर्याय नाही. पण तिच्या आसपासच्या गोष्टी लेव्हलमध्ये नसतात. खिडकीची कड २ फुटांत ८-१० मिमी खाली गेलेली असेल, तर मधली एक फूट जागा एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी दिसते. फिक्या टाइलवर हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. गडद पट्टी लावली की ती फूटपट्टीसारखी काम करते आणि घरातला प्रत्येक तिरकेपणा मोजून दाखवते. कोपऱ्यांतही तेच: भिंती गुण्यात (काटकोनात) नसतील तर पट्टीवरचं नक्षीकाम कोपऱ्यात जुळत नाही.

आता प्रमाण. २४ फूट घेर गुणिले ७ म्हणजे १६८ चौ. फूट. दरवाजाचे साडेसतरा आणि खिडकीचे ४ वजा केले की १४६.५ उरतात. हायलाइटर साधारण दहावा हिस्सा असला की पुरे, म्हणजे १४-१५ चौ. फूट. शॉवरची अख्खी भिंत गडद केलीत तर ३५ चौ. फूट, जवळपास एक चतुर्थांश. मग तो हायलाइटर राहत नाही, खोलीचाच रंग होतो, आणि ५ फुटी खोलीत ती भिंत अंगावर येते. उलट बॉर्डर भरते फक्त ७ चौ. फूट, तीही सगळीकडे पातळ पसरलेली. २ फूट रुंदीचा, जमिनीपासून ७ फुटांपर्यंतचा उभा पट्टा बरोबर १४ चौ. फूट होतो. तुमच्या खोलीला तोच योग्य. शॉवरच्या भिंतीवर मधोमध घ्या, कोपऱ्याला चिकटवू नका. कोपऱ्यातल्या तिरक्या कापण्या फिक्या टाइलमध्ये जिरू द्या.

पण आधी मोजमाप करा आणि इथे टाका. प्रत्येक भिंतीला ओळंबा लावून वर, मध्ये आणि खाली अंतर मोजा. लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) चारही कोपऱ्यांत जमिनीची उंची घ्या. कोपऱ्यांत गुण्या धरा. गुण्या नसेल तर ३-४-५ च्या मापाने बघा: एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४, तर तिरकं अंतर ५ यायला हवं.

---

जुनी_कडी

मोजलं. शॉवरची भिंत वरच्या बाजूला १४ मिमी आत झुकलेली आहे. बेसिनची भिंत ५ मिमी, मध्ये थोडा फुगवटा. जमीन दरवाजापासून नहाणी ट्रॅपपर्यंत (पाणी जायच्या जाळीपर्यंत) २२ मिमी उतरते; बेसिनखाली ती ट्रॅपपेक्षा साधारण १० मिमी उंच आहे. कोपरे दोन बरे, दोन वाकडे. खिडकीची कड ६ मिमी तिरकी.

आणखी एक: पाणी खारं आहे. बादल्यांवर पांढरे डाग राहतात. याचा रंगाशी काही संबंध?

---

सांधेभर

संबंध आहे, आणि मोठा आहे. ओळंबा यांचं प्रमाण पटलं, जागा नाही पटली.

खाऱ्या पाण्याचा थेंब वाळला की क्षार मागे उरतो, आणि तो पांढरा असतो. मोतिया टाइलवर तो दिसत नाही. गडद हिरव्या चकचकीत टाइलवर शॉवरखाली पंधरवड्यात ओघळ उमटतात. मग लोक अ‍ॅसिड ओततात. अ‍ॅसिडने क्षार जातो, सोबत सिमेंटचं ग्राउट खाल्लं जातं, सोनेरी-चंदेरी कड असलेल्या टाइलची झळाळी जाते, आणि तुमची मोझॅक लादी तर बरबादच होते. तिच्यातले संगमरवरी खडे आणि सिमेंट दोन्ही अ‍ॅसिडमध्ये विरघळतात. म्हणजे शॉवरमागचा गडद पट्टा शेवटी लादीवर शेकणार. मॅट टाइल घेऊन हे सुटत नाही. खरखरीत पृष्ठभागावर साबणाचा थर जास्त धरतो आणि घासायला जास्त कष्ट पडतात.

तोच २ फुटी पट्टा बेसिनमागे न्या, जमिनीपासून ७ फुटांपर्यंत. तिथे शिंतोडे नळाच्या आसपास हातभर जागेतच उडतात, फडका मारला की झालं. शिवाय तुमच्या मापांप्रमाणे तीच भिंत जास्त सरळ आहे. शॉवरकडे हिरवा हवाच असेल तर भिंतीत साबण-बाटल्यांसाठी कोनाडा करा आणि त्याच्या फक्त पाठीला लावा. तिथे पाण्याची धार थेट पडत नाही.

ग्राउटकडे येतो, कारण रंग अर्धा तिथे बिघडतो.

मोतिया टाइलला पांढरं ग्राउट नको, वर्षभरात ते पिवळं-तपकिरी होतं, खालच्या दोन ओळींत आधी. आयव्हरी किंवा फिकट उबदार राखाडी घ्या, २ मिमी सांधा. हिरव्या पट्ट्याला मात्र तेच फिकं ग्राउट भरलंत तर जाळी दिसेल आणि प्रत्येक टाइलचा अर्धा मिमीचा फरकही वर येईल. तिथे गडद राखाडी. काळं नको; सिमेंटच्या काळ्या ग्राउटवर पांढरी झाक फुटते, विशेषतः मिस्त्रीने पाणी जास्त घातलं तर. पाणी मोजून घालायचं, दर वेळी तेवढंच. पहिल्या घाणात सैल आणि दुसऱ्यात घट्ट कालवलं की एकाच पिशवीतून दोन छटा निघतात.

दोन ग्राउट जिथे भेटतात ती उभी रेघ फिक्या ग्राउटची ठेवा. आधी सगळं फिकं भरा, वाळू द्या. मग त्या रेघेवर मास्किंग टेप लावून गडद भरा. उलट क्रमाने गेलात तर गडद रंग फिक्यात उतरतो आणि निघत नाही.

टाइल क्रॅकल ग्लेझची असेल, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपावर केसासारख्या बारीक भेगांची नक्षी असेल, तर ग्राउट भरण्याआधी सीलर (भेगा बंद करणारा द्रव) मारायलाच हवा. नाहीतर गडद रंग भेगांत शिरतो आणि टाइल कायमची काळपट राहते. काचेची मोझॅक घेतलीत तर चिकटवायला पांढरा अ‍ॅडहेसिव्ह, करडा नको. काचेतून मागचं करडेपण दिसतं आणि दुकानात पाहिलेला हिरवा भिंतीवर शिळा वाटतो.

एपॉक्सी (सिमेंटऐवजी रेझिनचं) ग्राउट डाग धरत नाही हे खरं, पण ते कालवल्यावर अर्धा-पाऊण तासात संपवावं लागतं, आणि टाइलवर राहिलेला चिकट थर वेळेत पुसला नाही तर घट्ट बसतो. हात बसलेला माणूस असेल तर शॉवरच्या तीन भिंतींना जरूर वापरा. लादी मात्र प्लॅस्टिकने पूर्ण झाका. जुनी मोझॅक सच्छिद्र असते, एपॉक्सीचा डाग तिच्यात मुरतो.

---

ओळंबा

खाऱ्या पाण्याचा मुद्दा बिनतोड. बेसिनमागेच करा.

आता आखणी. फिकी ३०० × ६०० आडवी लावा: ३०० उंचीच्या ७ ओळी आणि ६ सांधे म्हणजे २११२ मिमी, ७ फुटांना जवळजवळ बरोबर. ट्रॅपजवळच्या सगळ्यात खोल जागेपासून एका पूर्ण टाइलच्या उंचीवर चारही भिंतींना लेव्हलची रेघ मारा. त्या जागी तळाची टाइल अख्खी बसेल, बाकी ठिकाणी जमिनीप्रमाणे कापून. रेघेवर लाकडी पट्टी ठोकून वरच्या ओळी आधी लावायच्या, तळाची ओळ शेवटी.

हिरव्यासाठी ७५ × १५० मिमीची टाइल धरतो, कारण तेवढ्या छोट्या टाइलमध्ये ग्लेझचा चढउतार चांगला खुलतो. इथे एक गंमत आहे. २ मिमी सांधा ठेवलात तर २७ ओळी २०७७ मिमी होतात. बेसिनखालची जमीन १० मिमी उंच, म्हणजे तुम्हाला भरायचे आहेत २१०२. खाली २५ मिमीची चिरोटी उरते, आणि ती कापताना निम्म्या फुटतात. सांधा ३ मिमी करा: २७ × ७५ म्हणजे २०२५, अधिक २६ सांध्यांचे ७८, एकूण २१०३. तळाची ओळ ५-६ मिमी कापली की जमिनीलगत सिलिकॉनपुरती फट राहते आणि वरची कड फिक्या टाइलच्या कडेला मिळते. मधले आडवे सांधे बाजूच्या ३०० च्या सांध्यांशी जुळणार नाहीत. जुळवायला जाऊ नका. विटांच्या रचनेत, अर्ध्यावर सांधा देऊन लावा, म्हणजे डोळा जुळणी शोधतच नाही.

रुंदीत ४ टाइल आणि ३ सांधे, ६०९ मिमी. पट्ट्याचा मध्य बेसिनच्या नळाच्या मध्यावर घ्या, भिंतीच्या मध्यावर नाही. नेहमीचं बेसिन ४५० ते ५०० रुंद असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना ५५ ते ८० मिमी हिरवं दिसेल. बेसिन ६०० चं असेल तर पट्टा एकेका टाइलने दोन्हीकडे वाढवा. कडेला कड भिडली तर वाईट दिसतं.

जाडी तपासा. फिकी टाइल ८-९ मिमी, हातघडणीसारखी दिसणारी छोटी टाइल बरेचदा १० च्या पुढे. हिरवा पट्टा १-२ मिमी पुढे आला तर चालतो, मागे गेलेला चालत नाही, कारण शेजारच्या फिक्या टाइलची कच्ची कड उघडी पडते. पुढे येणार असेल तर कडेच्या हिरव्या टाइलची बाजू ग्लेझ असलेली हवी. नसेल तर धातूची बारीक पट्टी बसवून घ्या.

शॉवरच्या भिंतीचे १४ मिमी अ‍ॅडहेसिव्हने भरून काढू देऊ नका. मिस्त्री म्हणेल, ‘होऊन जाईल.’ जाड अ‍ॅडहेसिव्ह आकसताना टाइल ओढतो, ओळीत दात पडतात आणि काही जागी बद्द आवाज येतो. जुन्या टाइल मसाल्यावर बसवलेल्या असतात, काढताना निम्मा गिलावा सोबत येतोच. तेव्हा नवा गिलावा ओळंब्यात करून घ्या; जाडी १५ मिमीच्या वर जात असेल तर दोन थरांत. पाणी मारून पक्का होऊ द्या, वाळू द्या, मग वॉटरप्रूफिंग, मग टाइल. भिंत उघडी असतानाच जुने लोखंडी पाइप बदला आणि दाबाची चाचणी घ्या. नंतर गळती निघाली तर आधी फुटते ती टाइल, आणि तीच छटा पुन्हा मिळत नाही.

---

जुनी_कडी

खूप स्पष्ट झालं, धन्यवाद. हिरव्याचे तीन नमुने आणलेत. दुकानात एकसारखे वाटत होते, घरी आणल्यावर एक निळसर, एक तपकिरी, एक काळाच दिसतोय. मोबाइलवर फोटो काढून तुलना केली तर पुन्हा वेगळंच. कशावर विश्वास ठेवू?

---

रंगपाटी

फोटोवर तर नकोच. कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढऱ्याचा अंदाज स्वतः बांधतो आणि बाकीचे रंग त्याप्रमाणे सरकवतो.

दुकानात उजेड झगझगीत आणि चारही बाजूंनी असतो. तुमच्याकडे एक धुरकट खिडकी आणि संध्याकाळी एखादा दिवा. म्हणून आधी दिवा नक्की करा, मग टाइल. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफटक दिव्यात गडद हिरवा निळसर होतो आणि लादीतला मरून मरगळतो. २७०० च्या पिवळ्या दिव्यात हिरवा तपकिरीकडे जातो आणि मोतिया टाइल पिवळी दिसते. मधला ४००० घ्या. खोक्यावर सीआरआय (त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेलं पाहून घ्या. कमी सीआरआयच्या एलईडीत तांबडा रंग हमखास मरतो, आणि मरून खड्यांवर तो लगेच कळतो. दिवा आरशाच्या वर किंवा दोन्ही बाजूंना हवा, पाठीमागे छताला एकच नको, नाहीतर आरशात स्वतःचा चेहरा सावलीत.

मग नमुना-पाटी करा. २ × २ फुटांचा प्लायचा तुकडा, त्यावर दोन फिक्या टाइलचे तुकडे आणि प्रत्येक हिरव्याच्या चार-चार टाइल दुहेरी टेपने चिकटवा. सांधे सोडा आणि ठरवलेलं ग्राउट खरोखर भरा. दोन-तीन दिवस वाळू द्या. ओलं ग्राउट गडद दिसतं, वाळल्यावर बरंच उजळतं. पाटी बेसिनमागे उभी ठेवा, जमिनीवर आडवी नाही. उभ्या आणि आडव्या पृष्ठभागावर उजेड वेगळा पडतो, आणि ग्लेझमध्ये तर जास्तच. सकाळी, दुपारी, रात्री दिवा लावून बघा. एकदा पाणी मारून बघा.

‘काळाच दिसतो’ म्हणालात तो नमुना आत्ताच बाद करा. धुरकट खिडकीच्या उजेडात जो दुपारी काळा दिसतो तो रात्री हिरवा होणार नाही. उरलेल्या दोघांत पिस्ता बेसिनला टेकवल्यावर ज्याच्यामुळे बेसिन पिवळं किंवा करडं वाटत नाही, तो घ्या. मला वाटतं तपकिरीकडे झुकणारा जिंकेल, कारण पिस्त्यातही पिवळाच दडलेला आहे.

आरशाचा एक फायदा तुम्हाला आपोआप मिळालाय. हिरवी भिंत आरशासमोर असती तर ती आरशात दुसऱ्यांदा दिसली असती आणि तोंडावर हिरवट उजेड परावर्तित झाला असता; दाढी करणाऱ्याला किंवा मेकअप करणाऱ्याला ते नकोसं होतं. आरशाच्या मागे असलेल्या हिरव्याचा असा त्रास नाही. दीड बाय दोनच्या आरशाने पट्ट्याचे ३ चौ. फूट झाकले जातील, तेवढ्यासाठी रंग आणखी वाढवायची गरज नाही.

---

सांधेभर

मालाचा हिशोब लिहून देतो, हायलाइटर कमी पडला की नेमकं काम अडतं.

हिरव्या: पट्ट्याला २७ × ४ म्हणजे १०८. कोनाड्याची पाठ १ × २ फूट, तिला १६. एकूण १२४, त्यावर फूटतूट आणि अर्ध्या कापण्या धरून १४५. विटांच्या रचनेत एकाआड एक ओळीत दोन अर्धे तुकडे लागतात, आणि छोटी टाइल कापताना ग्लेझ उडतो. म्हणून नेहमीचे १० टक्के पुरत नाहीत. फिक्या: साधारण १३२ चौ. फूट, म्हणजे ६९ टाइल, वाकडे कोपरे धरून ७८.

गडद ग्राउट पट्ट्याला किलोभर लागेल, कोनाडा धरून दोन किलो घ्या. फिकं दीड-पावणेदोन किलो भरतं, तीन घ्या. अ‍ॅडहेसिव्हची २० किलोची गोणी ३ मिमी थराला ४५-५० चौ. फूट जाते, म्हणून ४ गोण्या. सगळ्या कोपऱ्यांत आणि जमिनीलगत ग्राउट नाही, त्याच छटेचं सिलिकॉन. तिथे ग्राउट भरलं की भिंत आणि जमीन वेगवेगळी हलताना ते केसासारखं तडकतंच.

हिरव्या टाइल चार-पाच खोक्यांतून एकदम काढून मिसळा आणि मगच लावायला द्या. एक खोकं संपवून दुसरं उघडलं तर पट्ट्याच्या मध्यावर रंग बदललेला दिसतो.

---

उंबरठा

बॉर्डर मागे घेतो. कोनाड्याबद्दल मात्र एक विचारा: ती भिंत किती जाड आहे? अर्ध्या विटेची, साडेचार इंची असेल तर ४ इंच खोल कोनाडा म्हणजे पलीकडे फक्त गिलावा उरला.

---

ओळंबा

बरोबर. ९ इंची भिंत असेल तरच खोदा, फूटभर रुंदीच्या पुढे जाऊ नका, आणि वर आधाराला छोटी कडी घाला. भार घेणाऱ्या भिंतीत लांबलचक आडवी खाच तर अजिबात नको. भिंत पातळ असेल तर खोदण्याऐवजी शॉवरच्या भिंतीलगत ३ फूट उंच, ४ इंच जाड कठडा बांधा. त्याच्या माथ्यावर बाटल्या राहतात आणि पाइपही त्यातून नेता येतो. कोनाड्याचा तळ असो की कठड्याचा माथा, बाहेरच्या बाजूला ३-४ मिमी उतार द्या, नाहीतर पाणी साचून तिथलं ग्राउट आधी काळं पडेल. वॉटरप्रूफिंग कोनाड्याच्या आतल्या पाचही बाजूंना.

आणि जुनी_कडी, रंग पक्का करण्याआधी एक काम उरलंय. लादीला पॉलिश करून घेणार असाल तर पहिला घास (मशीनने पहिली घासणी) आधी काढा, मगच नमुने लादीशेजारी धरा. जुन्या लादीवर मेणाचा आणि साबणाचा पिवळा थर असतो. तो गेला की क्रीम दोन छटांनी उजळतं, मरून खडे तांबडे दिसतात, आणि आज जुळलेला मोतिया कदाचित पिवळा वाटेल. घासताना चिखल भिंतीवर उडतो, त्यामुळे तसंही ते टाइलच्या आधीच व्हायला हवं. मग लादीवर प्लॅस्टिक, त्यावर गोणपाट, त्यावर प्लाय, आणि तोडफोड त्यानंतर. छिन्नी हातातून सुटून पडली तर लादीचा टवका उडतो. शेवटचा हलका हात ग्राउट वाळल्यानंतर. मशीन भिंतीच्या कडेला पोचत नाही, तिथले दोन-तीन इंच हाताने घासून घ्यायला सांगा. नाहीतर हिरव्या पट्ट्याच्या पायाशीच जुन्या पिवळ्या रंगाची रेघ राहील.

---

जुनी_कडी

बेसिनमागची आणि शॉवरची, दोन्ही भिंती ९ इंची आहेत. मग क्रम असा धरतो: लादीचा पहिला घास, दिवा, नमुना-पाटी, आणि त्यानंतरच ऑर्डर. उरलेल्या टाइल किती ठेवाव्यात?

---

सांधेभर

हिरव्या निदान १५, फिक्या ५-६. खोक्यावरचा शेड नंबर आणि कॅलिबरचं (टाइलच्या नेमक्या मापाचं) लेबल कापून त्याच टाइलच्या मागे चिकटवा. माल ताब्यात घेताना सगळ्या खोक्यांवर दोन्ही नंबर एकच आहेत ना ते दारातच बघा. शेड एक आणि कॅलिबर वेगळं असेल तर रंग जुळतो, पण मापात मिमीभर फरक पडून ३ मिमीचा सांधा कुठे २, कुठे ४ होतो. असं खोकं उघडू नका, तसंच परत द्या.